घातक रसायने आणि जाणण्याचा हक्क

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत अड्यार येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि तंजावरचे मराठी राजे या विषयांवरील व्याख्याने होऊन गेल्यावर कोणी उठून घातक रसायनांवर बोलू लागावे, हे काहीसे विजोड वाटण्याचा संभव आहे. त्यातून आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. रसायनांशी आमची ओळख झाली ती सरकारी कचेरीतील मागणीपत्रांतून आणि साठ्याच्या नोंदवह्यांतून, परीक्षानळीतून नव्हे. तथापि आज जे सांगावयाचे आहे ते मुळात रसायनशास्त्राचे नाहीच. ते भाषेचे आहे, आणि भाषा हा तर या मंडळाचा जन्मापासूनचा विषय आहे.

चेन्नईस नव्याने आलेल्या मराठी माणसाचा तामिळ अक्षरांशी पहिला परिचय बहुधा बसच्या पाटीवरून होतो. दुसरा होतो विजेच्या खांबावरील लाल पाटीवरून. कवटी आणि दोन हाडे, आणि त्यांखाली एक शब्द. अक्षरे लागू लागली म्हणजे तो शब्द 'अपायम्' असा वाचता येतो. तामिळ माणूस त्याचा उच्चार 'अबायम्' असा करतो. आपल्या 'अपाय' या शब्दाचा तो सख्खा भाऊच, आणि अर्थ धोका. हा शब्द लागेपर्यंत आपले काम कवटीवर भागते. परंतु ज्या पिंपावर कवटीही नाही आणि आपल्याला वाचता येईल असे अक्षरही नाही, त्या पिंपाशी दिवसाचे आठ-दहा तास काम करणाऱ्या माणसाचे कसे भागत असेल?

रसायन घातक आहे ही गोष्ट सहसा गुप्त नसते. ती कोणत्या तरी कागदावर, कोणाच्या तरी कपाटात लिहिलेली असते. कारखानदारास ती ठाऊक असते, तपासनिसास ठाऊक असते, कित्येकदा विमा उतरविणाऱ्यासही ठाऊक असते. ज्याचा हात त्या रसायनात बुडालेला असतो त्याच्यापर्यंत, त्याला कळेल अशा भाषेत आणि वेळेवर, ती पोचते की नाही, एवढाच प्रश्न असतो. आमच्या वाचनात आलेल्या बहुतेक अपघातांचे मूळ या एका प्रश्नाशी जाऊन थांबते.

आपल्या सर्वांना ऐकून माहीत असलेले उदाहरण प्रथम घेऊ. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज फुटले. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांनी तो आवाज ऐकला असेल. त्या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि त्याच पोटात कापसाचे गठ्ठे, लाकूड आणि तेलाची पिंपे भरली होती. आग पकडण्यास कापसासारखा पदार्थ नाही आणि आग पोचू नये अशी वस्तू स्फोटकांसारखी नाही; महायुद्धाच्या घाईत दोहोंचा शेजार झाला. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने तशी खूण म्हणून लाल निशाण लावावयाचे असते. त्या जहाजावर ते नव्हते. दुपारी धूर दिसला, बंब आले, माणसे पाणी मारीत राहिली, आणि चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामावर असताना गेले. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ.

गंमत, गंमत म्हणजे खंत, अशी की मुंबईच्या लोकस्मृतीत त्या दिवसाची जी गोष्ट टिकली ती सोन्याची. जहाजात सोन्याच्या विटा होत्या आणि त्या उडून दूरवर पडल्या, हे आपणांस आजीने सांगितलेले असते. लाल निशाण नव्हते ही गोष्ट मात्र आजीने सांगितलेली आमच्या तरी ऐकिवात नाही.

आता आपण जेथे बसलो आहोत त्या अड्यारकडे वळू. येथून हाकेच्या अंतरावर केंद्रीय चर्मसंशोधन संस्था आहे. १९४८ साली तिची स्थापना झाली. कातड्यासाठी एवढी मोठी संस्था मद्रासेसच का, असा प्रश्न नवख्याला पडतो. त्याचे उत्तर असे की कातडे कमावण्याचा धंदा या प्रांतात पूर्वीपासून भरभराटीला आलेला आहे. पल्लावरम्, क्रोमपेट, राणीपेट, अंबूर, वाणियंबाडी ही त्याची गावे. क्रोमपेटच्या तर नावातच क्रोम आहे. पूर्वी येथे कातडी कमावीत ती 'आवारम्' नावाच्या झुडपाच्या सालीने. हे आवारम् म्हणजे आपल्या माळरानावरचा पिवळ्या फुलांचा तरवड. आपल्याकडे कोल्हापुरी पायताणाचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात; हिरडा सह्याद्रीतला. वनस्पतींनी कमावण्यास आठवडे लागत. क्रोमियमच्या क्षाराने तेच काम दिवसांत होऊ लागले, आणि धंद्याचे रूप पालटले.

या धंद्यातील एकच प्रसंग आपण जरा बारकाईने पाहू, कारण सारा विषय त्यात सामावलेला आहे.

कच्चे कातडे मिठात मुरवून येते. ते धुऊन चुन्याच्या आणि सोडियम सल्फाइडच्या हौदात टाकतात. त्याने केस सुटतात. पुढे चुना काढून टाकावा लागतो आणि त्यानंतर कातडे मीठ व गंधकाम्ल यांच्या पाण्यात टाकून क्रोमसाठी तयार करतात. म्हणजे एकाच छपराखाली, कधी एकाच गटारात, एका टोकाला सल्फाइड आणि दुसऱ्या टोकाला आम्ल. दोन्ही आपापल्या जागी राहिली तर ती उपयुक्त द्रव्ये आहेत. ती एकत्र आली की हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सुटतो. सांडपाण्याच्या बंद खड्ड्यात तो आम्लावाचूनही साचतो. मैल्याच्या टाकीतही साचतो.

या वायूला कुजक्या अंड्याची दुर्गंधी आहे, आणि अत्यल्प प्रमाणातही ती येते. ऐकणाऱ्यास वाटेल, बरेच झाले, निसर्गाने सूचना ठेवली. पण हा वायू कपटी आहे. हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे १०० भाग झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच तो बधिर करतो. खड्ड्यात उतरलेल्या माणसाला वाटते वास गेला, हवा शुद्ध झाली. वस्तुतः त्याच क्षणी ती जीवघेणी होऊ लागलेली असते. प्रमाण ५०० ते १,००० पर्यंत गेले की माणूस काही श्वासांत कोसळतो. हवेहून जड असल्याने तो तळाशी बसून राहतो. कोसळलेल्या माणसाला वर काढावयास दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. वर्तमानपत्रात 'टाकी साफ करताना तिघांचा मृत्यू' अशी बातमी येते तेव्हा त्या तिघांतले दोघे पुष्कळदा माणुसकीपायी गेलेले असतात.

तोंडाला बांधलेला रुमाल येथे काडीइतकाही उपयोगाचा नाही. धुळीचा मुखवटाही नाही. खड्ड्यातील हवा यंत्राने तपासून घ्यावी, बाहेरून ताजी हवा आत सोडावी, उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा व दोर असावा आणि दोराचे टोक बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाच्या हातात असावे. हा बाहेरचा माणूस कोणत्याही परिस्थितीत आत उतरता कामा नये. दोर ओढणे हेच त्याचे काम. आत जाणे अपरिहार्यच असेल तर स्वतःची हवा पाठीवर घेऊन जाणाऱ्या शिकलेल्या माणसानेच जावे. हे सारे मोठ्या खर्चाचे नाही. परंतु त्यासाठी उतरणाऱ्याला आधी इतके ठाऊक हवे की वास नाहीसा होणे ही सुटकेची खूण नसून मरणाची आहे. हे एक वाक्य त्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितले होते काय?

त्याची भाषा कोणती, हेही विचारावे लागेल. चेन्नईपासून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या राणीपेटच्या औद्योगिक वसाहतीत ३१ जानेवारी २०१५ च्या पहाटे कातडी कारखान्यांच्या सामाईक सांडपाणी केंद्रातील गाळाच्या टाकीची भिंत फुटली. विषारी गाळाचा लोंढा शेजारच्या कारखान्यात शिरला आणि तेथे झोपलेली माणसे त्याखाली गाडली गेली. दहा जण दगावले. त्यांतील बहुतेक पश्चिम बंगालमधून पोटासाठी आलेले मजूर होते. त्यांना तामिळ येत नव्हते किंवा जुजबी येत असेल. इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. उशाशी असलेल्या भिंतीपलीकडे काय साठवले आहे, हे त्यांना कोणी बंगालीत सांगितले असेल असे मानण्यास आम्हांस आधार दिसत नाही.

आपण घर सोडून इतक्या दूर आलेली माणसे आहोत. आपण पगारपत्रक घेऊन आलो, वसाहतीत राहिलो, इंग्रजीच्या आधाराने तरलो. तरीही पहिल्या वर्षी औषधाच्या दुकानात बोटांनी खुणा करण्याची पाळी आपल्यापैकी कोणावर आली नाही? ज्याला इंग्रजीचाही आधार नाही अशा परप्रांतीयाची स्थिती काय होत असेल, हे समजून घेणे या मंडळातील मंडळींना तरी जड जाऊ नये.

वास असलेल्या विषाबद्दल इतके बोललो. आता वास नसलेल्याबद्दल थोडे. कोडाईकनालला आपण सहलीला जातो. तेथे १९८० नंतरच्या दशकात थर्मामीटरचा एक कारखाना अमेरिकेतून हलवून आणण्यात आला होता. पारा दिसावयास मोहक. लहानपणी फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा तळहातावर घोळविला नाही असे मूल विरळा. तो साध्या खोलीतील उष्णतेलाही हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळतो. त्या वाफेला ना रंग, ना वास. त्याने मज्जासंस्था आणि मूत्रपिंडे बिघडतात, तेही एका दिवसात नव्हे. कपड्यांच्या घडीत बसून तो कामगाराबरोबर घरीही जाऊ शकतो. मार्च २००१ मध्ये पाऱ्याने दूषित झालेल्या काचेचा ढीग गावातील भंगाराच्या दुकानात सापडला, बोभाटा झाला, कारखाना बंद पडला. आणि ५९१ माजी कामगारांशी कंपनीची तडजोड होण्यास मार्च २०१६ उजाडले. मधल्या १५ वर्षांत त्या कामगारांचे म्हणणे शास्त्रीय कसोटीवर किती उतरते याचा काथ्याकूट चालला होता. कामावर असतानाच पाऱ्याच्या मोजमापाचे कागद त्यांच्या हाती नियमाने दिले असते, तर तो वाद इतका लांबता ना.

आता कायद्याविषयी बोलणे ओघानेच येते. आमचे आयुष्य कायद्याच्या कागदांत गेले असल्यामुळे कागदाला नावे ठेवणे आमच्याने होणार नाही. आपल्या देशातील कागद चांगला आहे. तो चांगला झाला भोपाळमुळे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये मिथिल आयसोसायनेट सुटले. इस्पितळात माणसांची रीघ लागली तेव्हा हा वायू कोणता आणि त्यावर उपाय काय, हे डॉक्टरांनाही धड सांगितले गेले नाही. त्याच कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीनने एक कामगार दगावला होता; म्हणजे इशारा तीन वर्षे आधी मिळालेला होता.

त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियेची माहिती कामगारांना व आसपासच्या वस्तीला देणे मालकावर बंधनकारक झाले. माहिती मिळविण्याचा हक्क कामगारास मिळाला. आणि समोर धोका दिसत असेल तर तो तात्काळ मालकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्कही मिळाला. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी प्रत्येक पात्रावर आत काय आहे, ते कोणी बनविले आणि त्याचे गुणधर्म काय, हे लिहिण्याची सक्ती केली व प्रत्येक रसायनाचे सुरक्षापत्रक ठेवावयास लावले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ही तत्त्वे उतरली आहेत. आणि शेजारच्याच पालार नदीच्या प्रकरणात, कातडी कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी, सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी असा निर्णय दिला की हानीची पूर्ण सिद्धता होण्याची वाट न पाहता आधीच खबरदारी घेतली पाहिजे. हा निर्णय साऱ्या देशात दाखला म्हणून दिला जातो.

असे असता अडते कोठे? सुरक्षापत्रक आम्ही अनेकदा हाताळले आहे. ते बहुधा इंग्रजीत असते, बारीक टाइपात असते, त्याची सोळा प्रकरणे असतात, आणि ते फाइलीत असते. फाइल कपाटात, कपाटाला कुलूप. तपासणीच्या दिवशी ते बाहेर निघते आणि तपासणीचा शेरा चांगला पडतो. पिंपाजवळ मात्र त्यातले एक अक्षरही नसते. मोठ्या पिंपातून लहान डब्यात ओतले की लेबल मागेच राहते आणि डबा निनावी होतो. निनावी डबा ही आमच्या मते साऱ्या अनर्थाची जननी आहे.

कागदाला ठाऊक आणि माणसाला अज्ञात, याचा मासला याच शहराने अलीकडे पाहिला. २०१५ साली सीमाशुल्क खात्याने अमोनियम नायट्रेटचा मोठा साठा जप्त केला. हे खतातही वापरतात आणि खाणीतील सुरुंगातही. म्हणूनच २०१२ साली त्यासाठी वेगळे नियम झाले. सुमारे ७४० टनांचा तो माल ३७ कंटेनरांत मणलीच्या आवारात पडून होता. त्यातला काही त्याच वर्षीच्या पुरात खराब झाला. पाच वर्षे गेली. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात असाच जप्तीचा २,७५० टन साठा फुटला, दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि त्यानंतर मणलीच्या साठ्याची चर्चा घरोघर झाली. अवघ्या काही दिवसांत तो हैदराबादकडे हलविण्यात आला. माल सुरक्षित होता असे खात्याचे म्हणणे होते, आणि ते खोटे मानण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु जी गोष्ट एका आठवड्यात होऊ शकली तिला पाच वर्षे का लागली, आणि मणलीच्या रहिवाशाला शेजारी काय आहे हे बैरूतने का सांगावे लागले, हे विचारणे वावगे ठरू नये. २६ डिसेंबर २०२३ च्या रात्री एन्नूरला समुद्राखालील नळीतून अमोनिया गळला, तेव्हाही कोळी वस्तीतील माणसे झोपेतून उठून वाट फुटेल तिकडे धावली. अशा वेळी वाऱ्याच्या दिशेला आडवे पळावे आणि तोंडाशी ओले फडके धरावे, कारण अमोनिया पाण्यात विरघळतो, ही दोन वाक्ये त्यांना आधीच माहीत असती तर पळणे तरी सुचून झाले असते.

महाराष्ट्रात याहून निराळे चित्र नाही. मे २०१६ आणि पुन्हा मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत जे स्फोट झाले त्यांत जीव गेले, आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. आपल्यापैकी कितीजणींचे माहेर तेथे आहे! फोन लागत नव्हते, अशा आठवणी याच सभागृहात ऐकावयास मिळतील.

माहिती दिली म्हणजे सारे झाले असेही आमचे म्हणणे नाही. कामगाराला मुखवटा देऊन मोकळे होणारे मालक आम्ही पाहिले आहेत. मुखवटा हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. पहिला उपाय म्हणजे घातक द्रव्य वापरातूनच काढून टाकणे. ते न जमल्यास त्याजागी सौम्य द्रव्य आणणे. तेही न जमल्यास ते बंद यंत्रात कोंडणे व हवा खेचून घेणे. आणि त्यानंतर हातमोजे व मुखवटे. या बाबतीत आपल्या शेजारच्या संस्थेचे काम अभिमान वाटावा असे आहे. केस सोडविण्यासाठी सल्फाइडऐवजी विकरे वापरण्याची पद्धत, तसेच पाण्यावाचून क्रोमने कमावण्याची पद्धत येथे सिद्ध झाली. सल्फाइडच नसेल तर खड्ड्यात वायू कोठून येणार? संस्थेचे माजी संचालक डॉ. वाय. नायुडम्मा यांची, प्रयोगशाळेतले ज्ञान चपला शिवणाऱ्यापर्यंत नेण्याबद्दल ख्याती होती. १९८५ च्या जूनमध्ये 'कनिष्क' विमानाच्या घातपातात ते गेले.

इथवर आपण कारखान्यांचे बोललो, आणि आपल्यापैकी बहुतेकांचा कारखान्याशी संबंध नाही. पण कामाचे ठिकाण म्हणजे केवळ कारखाना नव्हे. आपल्या घरी सकाळी येऊन भांडी-लादी करणाऱ्या बाईंचे कामाचे ठिकाण आपले स्नानगृह आहे. तेथील रसायनांचे मालक आपण आहोत.

शौचकूप स्वच्छ करण्याचे द्रव म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल. डाग काढण्याचे पांढरे पाणी किंवा ब्लीचिंग पावडर हे क्लोरिनचे संयुग. दोन्ही एकावर एक ओतली तर अधिक लख्ख होईल असे कोणालाही वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात त्यातून क्लोरिन वायू सुटतो. तोच, जो पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडला होता. हवेहून जड, लहानशा बंद खोलीत तळाशी साचणारा, आणि बाई तर फरशी घासण्यास खाली वाकलेल्या. बाटलीवर सूचना असते, पण ती बारीक इंग्रजीत. त्यातही आपण काटकसरी. मोठ्या कॅनमधून आणलेले आम्ल सरबताच्या जुन्या बाटलीत भरून ठेवतो. कारखान्यातला निनावी डबा तो हाच. उंदीर व झुरळांसाठी माणसे बोलावून ठेवविलेल्या विषाचीही तीच गत. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळ कुंद्रत्तूर येथे उंदरांच्या विषाची वाफ घरात कोंडून दोन बालके दगावली, हे आपण वाचले असेल. कोणते औषध ठेवले, किती वेळ बाहेर राहावयाचे, खिडक्या केव्हा उघडावयाच्या, हे लिहून घेतल्यावाचून त्या माणसास दारातून जाऊ देऊ नये.

काही गोष्टी तर बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात घालू नये. अंगावर वा डोळ्यात उडाले तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे, आणि मग डॉक्टरकडे जावे. हळद, तूप यांचे प्रयोग करू नयेत. वास आल्यास दार उघडून बाहेर यावे, मग विचार करावा. हे आपणांस ठाऊक आहे. बाईंना ठाऊक आहे काय, आणि कोणत्या भाषेत?

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षासाठी कार्यकारिणीपुढे आमची एक सूचना आहे. आपल्या मंडळात तामिळ उत्तम लिहिणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत. त्यांचे मराठी शुद्धलेखन सुधारण्याची आपल्याला फार चिंता असते, त्यांच्या तामिळचा उपयोग करून घेण्याचे मात्र आपल्याला सुचत नाही. त्यांनी एका रविवारी बसून चिठ्ठ्या तयार कराव्यात. प्रत्येक चिठ्ठीवर तामिळ आणि हिंदीत तीनच ओळी : हे काय आहे; कशात मिसळू नये; अंगावर पडल्यास काय करावे. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी शेजारी चित्र. प्रथम मंडळाच्या सभागृहाची कोठी घ्यावी, कारण तेथील फिनेल, आम्ल आणि ब्लीचिंग पावडर सध्या एकाच फळीवर आहेत आणि त्यांतील दोन बाटल्यांवर नाव नाही. मग ज्यांना हव्या असतील त्यांनी घरी न्याव्यात, व चिठ्ठी चिकटविण्यापूर्वी बाईंना एकदा वाचून दाखवावी. त्या काय म्हणतात ते ऐकूनही घ्यावे, कारण कोणत्या द्रवाने हात सोलतात हे बाटलीपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.

कोठीची किल्ली कार्यवाहांकडे आहे. शाई मात्र पाण्याने न पुसणारी हवी, आणि चिठ्ठीवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी लागेल. स्नानगृहातल्या ओलीत साधा कागद आठवडाही टिकत नाही.